मी सूर्य मावळू दिला

माझी ट्रंक माझ्याआधी देवळात पोचली होती.

आवारातल्या लिंबाखाली टेम्पो उभा होता आणि त्याच्या हौद्यात दोरीने करकचून बांधलेली माझी निळी ट्रंक. लग्नात आईने दिलेली. झाकणावर पांढऱ्या रंगात 'सौ. केझिया शिलास पाटोळे' असं लिहिलेलं. ती अक्षरं माझ्या नवऱ्यानेच काढली होती. त्याचं अक्षर फार सुरेख. सकाळी ही ट्रंक आईच्या घरी माझ्या खाटेखाली होती. दुपारी मी पाळकीणबाईंकडे मनुका निवडायला गेले, तेवढ्यात कुणीतरी ती उचलली.

कुणीतरी म्हणजे थोमाअण्णांनी. माझे चुलते. माझा बाप वारला तेव्हापासून आमच्या घरातला शेवटचा शब्द त्यांचा, आणि मंडळीच्या पंचकमिटीतला पहिला शब्दही त्यांचाच. ते टेम्पोला टेकून तंबाखू मळत होते.

"ही इथं कशी आली?" मी विचारलं.

"चालत तर आली नसंल," अण्णा म्हणाले. "सलाम झाला की शिलासबरोबर निघायचं. अंधारात सामान शोधत बसायचं का?"

"सलाम होणार हे ठरवलं कुणी?"

"घ्या! आज नाय व्हायचा तर मग कधी, न्यायाच्या दिवशी?" त्यांनी चिमूट ओठाखाली दाबली. "मंडळीचा खोळंबा करू नको, केझू. तुझा बाप या देवळाचा प्रचारक होता. त्याचं नाव राख."

आम्ही ख्रिस्ती. आमच्या चर्चला आम्ही देऊळच म्हणतो, तिथल्या धर्मगुरूला पाळक, तिथे येणाऱ्या सगळ्यांना मिळून मंडळी, आणि कुणी भेटलं की सलाम करतो. पण गुरुवारचा सलाम वेगळा. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी आमच्याकडे प्रभुभोजन होतं: येशूच्या आठवणीत एक भाकर मोडून सगळ्यांनी खायची, वर मनुकांचा रस. त्याआधी ज्यांचं ज्यांचं भांडण असेल त्यांनी सगळ्यांदेखत पुढे यायचं, हातात हात द्यायचा आणि सलाम म्हणायचं. सलाम झाला की प्रकरण मिटलं. पुन्हा ते तोंडातून काढायचं नाही, पंचांपुढे न्यायचं नाही, आईजवळ रडायचंसुद्धा नाही. आणि हे सगळं सूर्य मावळायच्या आत. रागात असताना सूर्य मावळू देऊ नका, असं शास्त्र सांगतं ना, म्हणून पूर्वीच्या कुणा गोऱ्या साहेबाने हा नियमच करून टाकला होता: सूर्य बुडाला की घंटा, आणि घंटा होईपर्यंत देवळात एक जरी माणूस रागात उरलं तर त्या वर्षी भाकर मोडायची नाही. कुणालाच मिळायची नाही. आजवर एकदाही तसं झालं नव्हतं. सगळं देऊळ एका माणसाकडे बघायला लागल्यावर कोण टिकतं?

मी घरी बसू शकले असते. मग म्हणाले असते, तोंड लपवलं. तोंड लपवण्यासारखं मी काहीच केलं नव्हतं.

आई आधीच आत जाऊन टेबल मांडत होती. प्रभुभोजनाची भाकर आमच्या घरून जायची. आईच करायची, तिच्याआधी तिची सासू. गव्हाची, बेखमीर, तव्यावर मंद भाजलेली. आईच्या उजव्या हाताचं एक बोट पेरात वाकलेलं होतं. मी तान्ही असताना उखळात चेचलं, असं ती सांगायची. भाकर थापताना त्या बोटाने कडेला एक खळगा पडायचा. मंडळीतली पोरं त्याला देवाची खूण म्हणायची, आणि आपल्या वाट्याला त्या कडेचा तुकडा यावा म्हणून एकमेकांना ढोसायची.

त्या सकाळी पीठ मळताना आई मला म्हणाली होती, "हात दे बाई. हात दिल्यानं काय झिजतं?"

"माझं सगळं झिजलंय, आई."

ती नुसती पीठ मळत राहिली. शिलासपेक्षा मला त्या वेळी तिचाच जास्त राग आला.

पाळकसाहेबांनी मला उपासनेआधी मागच्या खोलीत बोलावलं. भिंतीवर मंडळीच्या जुन्या सेवकांचे फोटो होते. माझा बापही त्यात होता, फेट्यात, हातात शास्त्र.

"बस, केझिया." पाळकसाहेब वाईट माणूस नव्हते. थकलेले होते, एवढंच. चार गावं एका सायकलवर सांभाळायचे. "खरं सांग. मनात राग आहे?"

"आहे."

"राग हे पाप आहे, मुली."

"आणि मारणं?"

"तो त्याचा दुबळेपणा आहे. त्याने माझ्यापुढे गुडघे टेकून कबूल केलंय. रडला गं तो."

"मारून झालं की माझ्यापुढेही रडतो. दर वेळी रडतो. मग मीच उठून त्याला पाणी देते."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "प्रभूने दुसरा गाल पुढे करायला सांगितलंय."

"केला होता, साहेब. त्या दुसऱ्या गालावर बसली तेव्हाच कान गेला."

ही गोष्ट खरी होती. आमच्या घरी प्रार्थनासभा होती. शिलास गाणी सांगायचा. आवाज असा की म्हाताऱ्या बायका डोळे पुसायच्या. त्या दिवशी त्याने एक गाणं भलत्याच चालीत सुरू केलं आणि दुसऱ्या ओळीवर अडकला. मला हसू आलं. सगळ्यांनाच आलं, पण बायको मी होते. पाहुणे चहा पिऊन गेले. त्याने दाराला कडी घातली. पहिली चपराक उजव्या गालावर. मी तशीच उभी राहिले, खरंच दुसरा गाल पुढे करून, कारण मला तसंच शिकवलं होतं. दुसरी डाव्या कानशिलावर. आत काहीतरी फाटल्यासारखं झालं आणि मग त्या बाजूचं जग बंद झालं. ते आजही बंदच आहे.

"तुम्हीच शिकवता, माणसाचं शरीर देवाचं मंदिर आहे," मी म्हटलं. "मग माझा कान त्या मंदिराच्या कंपाउंडबाहेर येतो का?"

पाळकसाहेब उठले. त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "वडिलांकडे बघ. किती शांत माणूस. त्यांच्या संसारातून कधी एक शब्द बाहेर आला?"

"नाही आला," मी म्हटलं. तेव्हा मला खरंच एवढंच ठाऊक होतं.

"मग? हात दे आणि मोकळी हो. राग धरून ठेवशील तर तुलाच जाळेल."

"त्याचं मारणं म्हणजे दुबळेपणा आणि माझा राग म्हणजे पाप. असंच ना?"

"केझिया..."

"चला साहेब. सूर्य तुमच्यासाठी थांबायचा नाही."

देवळाचं दार पश्चिमेला आणि टेबल पूर्वेला. संध्याकाळी उन्हाची पट्टी दारातून आत यायची, मधल्या वाटेवरून सरकत टेबलापर्यंत जायची, मग भिंतीवर चढत लाकडी क्रुसापर्यंत. क्रुसावरून ऊन गेलं की सूर्य गेला. घड्याळ कुणी बघायचं नाही. दोरी धरून दाराशी उभे राहायचे थोमाअण्णा.

मी बायकांच्या बाजूला आईशेजारी बसले. पुरुषांच्या बाजूला, पहिल्या बाकावर, शिलास. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. इस्त्री कुणी केली कोण जाणे, मी तर महिनाभर माहेरी होते.

गाणी झाली, वाचन झालं. पाळकसाहेब म्हणाले, "ज्यांच्या मनात कुणाविषयी काही असेल त्यांनी पुढे यावं."

आधी मकासरेंच्या दोघी जावा उठल्या. कोंबडीवरून त्यांचं वर्षभर वाजत होतं. धाकटी म्हणाली, "सलाम, बाई. पण अंडी मोजून घेत जा." थोरली म्हणाली, "सलाम, आणि तू कुंपण नीट लाव." सगळे हसले. मीसुद्धा हसले. तसल्या भांडणाला हा नियम किती चांगला होता! कोंबडीचं भांडण मिटायलाच पाहिजे.

मग शिलास उठला.

तो टेबलापाशी जाऊन उभा राहिला आणि मी जागेवरून उठायच्या आतच त्याने हात पुढे केला. डोळे भरलेले. उन्हाची पट्टी त्याच्या छातीवर पडली होती, शर्ट झळाळत होता. मागून एक म्हातारी म्हणाली, "देवमाणूस गं बाई." मी चालत गेले. त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबले.

"केझिया," तो म्हणाला, त्या गाण्याच्या आवाजात, "सलाम."

मी दोन्ही हात पदरात धरून ठेवले.

"काय केलंत ते आधी सांगा."

"अं?"

"मंडळीला सांगा. तुम्ही काय केलंत. मग सलामाचं बघू."

त्याचा हात तसाच पुढे. "माझ्याकडून चुका झाल्या. मी पापी माणूस आहे."

"पापी सगळेच आहेत. तुम्ही काय केलंत ते सांगा."

कुजबुज सुरू झाली. पाळकसाहेब मध्ये पडले. "केझिया, देवाला सगळं ठाऊक आहे."

"देवाला ठाऊक आहे, साहेब. यांना नाही. सलाम यांच्यासमोर करायचा, तर गुन्हा काय तोसुद्धा यांना कळू दे."

"अगं, घरातली गोष्ट घरात..." शिलास म्हणाला.

"मग सलामही घरात केला असतात. इथं कशाला बोलावलंत?"

ऊन टेबलावर आलं होतं. आईची भाकर पांढऱ्या फडक्याखाली होती. फडक्यातून तिचा गोल आकार दिसत होता. शेजारी मनुकांच्या रसाच्या छोट्या पेल्या. दाराकडून थोमाअण्णांचा आवाज आला, "केझू! सूर्य चाललाय!"

"जाऊ दे त्याला," मी म्हटलं.

मग सगळेच बोलायला लागले. पुरुषांकडून कुणी म्हणालं, वर्षाचं प्रभुभोजन एका बाईच्या हट्टापायी जातंय. कुणी म्हणालं, लेकरं ताटकळलीत. बायकांकडून कुणीतरी हात जोडले, "दे गं हात, पाया पडते तुझ्या." पाया पडते! माझ्या! त्याच्या पाया पडून कुणी म्हणालं नव्हतं, की बाबा, हात उचलू नकोस.

ऊन टेबलावरून उठलं, भिंतीवर चढलं.

शिलासला तेव्हा वाटलं असावं की आता एकच उपाय. तो एक पाऊल पुढे आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि विनवणी करावी तसा वाकून माझ्या डाव्या कानाशी तोंड आणून काहीतरी बोलला. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, काय प्रेम! त्याचे ओठ हललेले मला गालावर कळले. खांद्यावरची बोटं आत रुतली तीही कळली. शब्द एकही कळला नाही.

मी मोठ्यांदा म्हणाले, "त्या कानात बोलू नकोस. तो तू फोडलास. काय सांगायचं ते या कानात सांग, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग."

लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मी त्याला अरे-तुरे केलं होतं.

देऊळ गप्प झालं. कोंबडीवाल्या दोघी जावा एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या. शिलासने माझ्या खांद्यावरचा हात असा काढला की जणू चटका बसला. डोळ्यांतलं पाणी सुकलं होतं आणि त्याखालचा खरा चेहरा, जो फक्त मी बघितला होता, तो आता सगळ्यांनी बघितला. निदान पुढच्या दोन बाकांनी तरी.

"बायको अशी बोलते," तो लोकांकडे वळून म्हणाला. "आता तुम्हीच सांगा, माणसाचा तोल जाईल का नाही?"

मान हलवणारे दोघे-तिघे होते, ते मी लक्षात ठेवले.

ऊन क्रुसाच्या पायथ्याशी होतं. मला भीती वाटत नव्हती असं नाही. लहानपणापासून ऐकलेलं सगळं अंगात होतं: राग धरला की सैतानाला दार उघडं, क्षमा केली नाही तर आपल्यालाही क्षमा नाही. मी मागे वळून आईकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती डोळ्यांनी म्हणेल, दे हात.

आई माझ्याकडे बघत नव्हती. ती मांडीवरच्या आपल्या हाताकडे बघत होती.

मग ती उठली. तिच्या गुडघ्यांना त्रास होता. बाकाला धरून, सावकाश. वाटेवर आली आणि म्हणाली, "हात देऊ नको."

हळूच म्हणाली, पण तेवढ्या शांततेत ते दारापर्यंत गेलं.

"वहिनी!" थोमाअण्णा दोरी धरूनच ओरडले. "तुम्ही तरी शहाणपणानं घ्या. तुमच्या घराण्यात असं कधी झालं नाय."

आई टेबलापाशी पोचली होती. तिने फडक्याची चारी टोकं उचलली, भाकर त्यात गुंडाळली.

"अनुग्रहाबाई, काय करताय?" पाळकसाहेब म्हणाले. "ती प्रभूची भाकर आहे."

"तुमचा आशीर्वाद व्हायचाय अजून, साहेब. तवर ती माझ्या चुलीची हाय." मग ती दाराकडे वळली आणि तो हात वर केला, वाकड्या बोटाचा. "उखळ नव्हतं, अण्णा. तुमचे भाऊ होते. दर गुरवारी, दर वर्साला, हितंच उभं राहून हाच हात मी त्यांना दिला. नीट धरता यायचा नाय त्यांना, बोट मधी यायचं. तरी दिला. सलाम म्हनलं. मग तोंड उघडता येईना मला. पोरीजवळपन नाय."

थोमाअण्णांच्या हातातली दोरी सैल झाली. ते खाली बघू लागले. ज्या पद्धतीने ते खाली बघत होते त्यावरून मला कळलं, की त्यांना हे नवं नव्हतं.

मला एवढंच सुचलं: ती खूण. पोरं जिच्यासाठी भांडायची ती. सगळ्या मंडळीने इतकी वर्षं माझ्या आईचं मोडलेलं बोट चघळलं होतं आणि आमेन म्हटलं होतं. मीसुद्धा.

"चल," आई मला म्हणाली.

आम्ही दोघी मधल्या वाटेने दाराकडे निघालो. समोर सूर्य होता, नुसती लाल कोर, उसाच्या शेतावर. मी त्याच्याकडे बघत चालले. माझ्या चालण्याने तो काही थांबला नाही आणि मीही त्याच्यासाठी पाऊल भरभर उचललं नाही. उंबऱ्यावर पोचले तेव्हा तो बुडाला.

देऊळ कोसळलं नाही. लिंबावर साळुंक्या रोजच्यासारख्या भांडत होत्या. घंटा झाली नाही, कारण घंटा द्यायची की नाही हे अण्णांना कुणी सांगेना.

टेम्पोचा ड्रायव्हर, परगावचा मुसलमान म्हातारा, बिडी टाकून उभा राहिला. "निघायचं का बाई?"

"निघायचं नाही, चाचा. ही ट्रंक उतरवायची आहे."

"आत्ता तर बांधली!"

"मी नव्हती बांधली."

त्याने एकदा माझ्याकडे, एकदा देवळाच्या दाराकडे बघितलं. तिथे माणसं जमा झाली होती, पण उंबरा ओलांडत कुणी नव्हतं. मग तो मुकाट्याने हौद्यात चढला. गाठी अण्णांनी अशा मारल्या होत्या की सुटेनात. शेवटी आईने दाताने सोडवली एक. आम्ही तिघांनी ट्रंक खाली घेतली, लिंबाखाली ठेवली. शिलास आतून बाहेर आला, आमच्याजवळून गेला, टेम्पोत पुढे बसला आणि काच वर केली. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, काच तुटकी आहे, सांभाळून." मला हसू आलं. या खेपेला मी ते दाबलं नाही.

टेम्पो गेला.

आईने फडकं सोडलं. ट्रंकेच्या झाकणावर अंथरलं, माझं नाव झाकलं जाईल असं. वर भाकर ठेवली आणि ट्रंकेशेजारी मातीत मांडी घालून बसली. मी तिच्यासमोर बसले.

"आई, हे चालतं का?"

"काय की," ती म्हणाली. "भूक लागलीय मला."

तेवढ्यात देवळाच्या बाजूच्या दारातून पाळकीणबाई आल्या. त्या मोठ्या अबोल. तेवीस-चोवीस वर्षांत त्यांचं बोलणं म्हणजे 'चहा घ्या' आणि 'साहेब बाहेर गेलेत'. हातात अल्युमिनियमची किटली होती, मनुकांच्या उरलेल्या रसाची. दारातल्या सगळ्यांसमोरून त्या सरळ चालत आल्या. पाळकसाहेबांनी मागून नावाने हाक मारली. त्यांनी मान वळवली नाही.

"भाकर कोरडी कशी खाणार?" त्या म्हणाल्या, आणि पदर सावरून खाली बसल्या.

अंधारत होतं. आईने डोळे मिटले. तिने चारचौघांत कधी प्रार्थना केली नव्हती. आमच्या घरात ते काम बापाचं होतं. ती मग बोलली, जसं विहिरीवर शेजारणीशी बोलावं तसं.

"प्रभू, सूर्य गेला. राग नाय गेला. आमी दोघी रागात हावोत. तुला चालत असंल तर बस आमच्याजवळ."

मी आमेन म्हणणार, तेवढ्यात पाळकीणबाईंनी आईच्या मनगटाला हात लावला.

"दोघी नाही," त्या म्हणाल्या. "तिघी म्हणा."

आईने डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं. भाकर उचलली आणि खळग्याच्या बाजूने मोडली, तीन तुकडे.